ओव्हरड्राइव्ह गेला कुठे?

आपल्या हॉस्टेलला एक रोग जडलाय. पंखा बंद पडला की पहिलं वाक्य येतं, "कपॅसिटर गेला." लॅपटॉप रांगायला लागला की "रॅम कमी पडतेय." बाइक सुरू झाली नाही की "प्लग." कोणी खुर्चीवर चढून पंख्याला हात लावत नाही, रेग्युलेटर फिरवून बघत नाही. निकाल आधी, पुरावा जमला तर नंतर. मीही याच पंथातला, आणि थर्ड इयर मेकॅनिकल म्हटल्यावर तर काय, जरा जास्तच. या पंथापायी माझे बावीसशे रुपये गेले. खरं सांगायचं तर माझे नव्हे, मामीचे. म्हणून हा लेखनप्रपंच.

माझं आजोळ अष्टमीचं. कुंडलिकेच्या एका काठाला रोहा, दुसऱ्या काठाला अष्टमी, आणि नगरपालिका दोघांची मिळून एकच. मामा धाटावच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीतून निवृत्त झाले. त्यानंतर वर्षभरात त्यांना अर्धांगाचा सौम्य झटका आला. बोलणं, हात, सगळं सुधारलं, पण डाव्या पायात पूर्वीचा जोर आला नाही. क्लच दाबणं संपलं. तेव्हा त्यांनी एक जुनी जपानी सेडान घेतली, २००२ ची, फोर-स्पीड ऑटोमॅटिक. डाव्या पायाला कामच नाही. डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला आणि मामा पुन्हा आपले आपण रोह्याच्या बाजारात, पेणला बहिणीकडे, पनवेलला तपासणीला जायला लागले. पंधरा वर्षांनंतरची फेरनोंदणी, पर्यावरण कर, फिटनेस, सगळे सोपस्कार त्यांनी आनंदाने केले. लोक म्हणायचे, एवढ्या पैशात नवी गाडी आली असती. आली नसती, पण लोकांचं काय.

२०२४ च्या गणपतीत मी अष्टमीला गेलो तर गाडी अंगणात झाकून ठेवलेली. मामा म्हणाले, "विकतोय. भंगारवाला पस्तीस हजार देतो म्हणतो." झालं होतं असं, की हायवेला गाडी ऐंशीवर नेली तरी इंजिन नुसतं बोंबलत होतं. शेवटचा गिअर पडतच नव्हता. लिटरला अकरा देणारी गाडी आठवर आली होती. पनवेलच्या एका वर्कशॉपने गाडी आत घेतली, अर्ध्या तासाने बाहेर काढली आणि सांगितलं, "गिअरबॉक्स खोलावा लागेल, साठ-सत्तर हजार धरून चाला, गॅरंटी नाही." त्या अर्ध्या तासात गाडी रस्त्यावर गेली नव्हती, हे मामांनी मला नंतर सांगितलं. सत्तर हजार त्यांच्याकडे नव्हते. आणि गाडी गेली असती तर पेणला जायला एसटी किंवा कोणाच्या तरी मुलाची मनधरणी. मामा हे बोलले नाहीत. मामी बोलली.

आता ओव्हरड्राइव्ह म्हणजे काय ते थोडक्यात. (मेकॅनिकलवाल्यांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल, पण व्हायव्हाला मी काय बोललो होतो ते आठवून सांगतो, वाचलेला बरा.) तिसऱ्या गिअरला अशा गाडीत इंजिन आणि आउटपुट शाफ्ट जवळपास सारखे फिरतात, म्हणजे एकास एक. चौथा तो ओव्हरड्राइव्ह. त्यात इंजिन कमी फिरतं आणि शाफ्ट जास्त, प्रमाण साधारण ०.७. प्लॅनेटरी सेटमध्ये सन गिअर धरून ठेवायचा, कॅरिअर फिरवायचा आणि रिंग गिअरवरून गती घ्यायची. सनला ३० दाते आणि रिंगला ७० असतील तर १ भागिले (१ अधिक ३०/७०), म्हणजे बरोबर ०.७ येतं. टॅब्युलर मेथडचं गणित आपण सगळ्यांनी घोकलंय. त्याचा उपयोग रस्त्यावर असा: टायरचा परीघ १.८ मीटर आणि फायनल ड्राइव्ह ४ धरला, तर ताशी ८० ला चाक मिनिटाला सुमारे ७४० वेळा फिरतं. तिसऱ्यात इंजिन २९६० वर, ओव्हरड्राइव्हमध्ये २०७० वर. मधले नऊशे फेरे म्हणजे मामांचं पेट्रोल.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जुना आहे. ओल्ड्समोबिलने १९३९ साली हायड्रामॅटिक आणला, त्याला चार गिअर होते, पण सगळ्यात वरचा एकास एकच होता. पेट्रोल स्वस्त होतं, कोणाला पडली होती? १९७३ च्या तेलसंकटानंतर सगळ्यांना पडली. फोर्डने १९८० च्या मॉडेलमध्ये ओव्हरड्राइव्हवाला फोर-स्पीड ऑटोमॅटिक दिला, बाकीचेही त्याच वाटेने गेले. पुढे गिअर लिव्हरवर ते छोटं 'ओ/डी' बटण आलं. घाटात, ओव्हरटेकला बटण दाबायचं की चौथा बंद, आणि मीटरवर 'ओ/डी ऑफ'चा दिवा लागतो. आपल्याकडे २०१४ ला सेलेरिओबरोबर एएमटी आली आणि 'ऑटोमॅटिक' हा शब्द घरोघरी पोचला. मामांच्या पिढीच्या ऑटोमॅटिक गाड्या मात्र गावात एखाद-दुसऱ्याच, म्हणून त्यांचं दुखणं जाणणारेही एखाद-दुसरेच.

तर मी कामाला लागलो. आधी जे बरोबर केलं ते सांगतो, कारण ते थोडं आहे. ट्रान्समिशन ऑइल बघितलं, गाडी चालवून आणून, सपाटीवर, इंजिन चालू ठेवून. डिपस्टिकवर पातळी नीट, रंग लालसर तपकिरी, जळका वास नाही. क्लच प्लेटा जळल्या की ऑइल काळं पडतं आणि असा वास येतो की विसरणार नाही. इथेच खरं तर 'गिअरबॉक्स गेला' या निकालाचा अर्धा जोर संपायला हवा होता. मग बटण दाबलं. दिवा लागला, पुन्हा दाबलं, विझला. बटण, वायर, बल्ब ठीक. दिवा लुकलुकत नव्हता. या गाडीत कंट्रोल युनिटला सोलेनॉइडच्या किंवा स्पीड सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड दिसला तर तोच दिवा आपोआप लुकलुकायला लागतो. डायग्नोस्टिक कनेक्टरच्या दोन पिना तारेने जोडल्या की तो मोर्ससारखे आकडे मोजून दाखवतो. साठवलेला काही दोष नसेल तर सेकंदाला दोनदा असा एकसारखा लुकलुकत राहतो. आमचा एकसारखा लुकलुकत होता.

म्हणजे गाडी स्वतःहून सांगत होती की माझी विजेची बाजू ठीक आहे. आणि मी काय केलं? म्हटलं, कोड येत नाही म्हणजे सोलेनॉइड मेकॅनिकली अडकला असणार! निष्कर्ष आधीच ठरला होता, पुरावा फक्त त्याच्या मापाचा शिवून घेतला. सोलेनॉइड हा शब्द मला तेव्हा फार आवडत होता. मामीने डब्यातून बावीसशे रुपये काढून दिले, आणि गौरी-गणपतीच्या गर्दीत मी मुंबई गाठून कुर्ल्याच्या जुन्या स्पेअर पार्टच्या बाजारातून सोलेनॉइड घेऊन आलो. आल्यावर, म्हणजे विकत घेतल्यानंतर, गाडीतल्या सोलेनॉइडचा रेझिस्टन्स मोजला. तेरा ओहम. मॅन्युअलमध्ये अकरा ते पंधरा. बॅटरीला लावला तर 'टक्' करून छान वाजला. नवा आणलेलाही तसाच वाजला. दोन सोलेनॉइड हातात घेऊन मी अंगणात उभा, आणि मामी दारातून बघतेय. तिने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

अष्टमीत एक चाचा आहेत, कुवेतला वीस-बावीस वर्षं गॅरेजमध्ये काम करून परत आलेले. आता गुडघ्यांमुळे गाडीखाली शिरत नाहीत, दुपारी ओट्यावर बसलेले असतात. मामा म्हणाले, एकदा विचारून तर बघ. मी त्यांना सोलेनॉइड, लॉक-अप, लाइन प्रेशर, सगळं ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एकच प्रश्न केला, "ते राहू दे. गाडी नीट कधी चालते, ते सांग."

मी म्हटलं, चालतच नाही. मामा म्हणाले, "तसं नाही रे. मागच्या महिन्यात नागोठण्याजवळ रस्त्याच्या कामात अर्धा तास अडकलो होतो. सुटल्यावर पाच-सात मिनिटं अगदी पूर्वीसारखी चालली. मग पुन्हा तेच."

अर्धा तास ट्रॅफिकमध्ये उभी राहिलेली गाडी बरी चालते, आणि मोकळ्या रस्त्याला वारा लागला की बिघडते. बिघडलेला गिअरबॉक्स असं करत नाही. झिजलेला क्लच तापल्यावर जास्त घसरतो, कमी नाही. चाचा म्हणाले, "नदीला पाणी का नाही म्हणून कोणी नदी खोदत नाय. भिऱ्याला मशीन चालू हाय का ते विचारतात." (ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: भिऱ्याचं टाटांचं वीजघर १९२७ पासूनचं. त्याचं पाणी सुटलं की कुंडलिका भरते, कोलाडचं राफ्टिंग त्यावरच चालतं. आपली इंडस्ट्रियल व्हिजिट तिथे न्यावी असं मी सरांना दोनदा सुचवलंय.) मग त्यांनी विचारलं, "काटा कुठं असतो?"

इथे मामांनी अभिमानाने सांगितलं, "माझी गाडी कधी गरमच होत नाही! काटा हलत नाही खालून."

चाचा हसले. मला मात्र समजायला दहा मिनिटं लागली, कारण टेंपरेचरचा काटा वर गेला की घाबरायचं एवढंच आपल्याला शिकवलेलं असतं. खाली राहिला तर कोण विचारतो! इंजिनमधल्या पाण्याचं तापमान ठरावीक पातळीला येईपर्यंत कंट्रोल युनिट ओव्हरड्राइव्ह पडू देत नाही. ही पातळी गाडीगणिक वेगळी, साधारण ५५ ते ७० अंशांच्या दरम्यान. कारण सरळ आहे: इंजिन लवकर तापावं, धूर कमी व्हावा, थंड इंजिनाने कमी फेऱ्यांवर कुथत चालू नये. पाणी तापवून धरण्याचं काम थर्मोस्टॅट करतो. गार असताना तो बंद राहतो आणि पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. अशा गाड्यांत तो ८२ अंशांच्या आसपास उघडतो. तो उघडाच अडकला, किंवा नसलाच, तर पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरत राहतं. पावसाळ्यात भिसे खिंडीतला वारा लागला की इंजिन कोमटच.

थंड देशात ही चूक दोन दिवसांत लक्षात येते, कारण हिटर लावला की गार हवा येते. कोकणात हिटर कोण लावणार? मामांना त्या बटणाचा उपयोग काय तेही माहीत नव्हतं. अलीकडच्या गाड्यांत यासाठी पी-०१२८ असा वेगळा कोडच आहे, इंजिन वेळेत तापलं नाही की दिवा लागतो. मामांच्या गाडीला तो माहीत नव्हता. तिला पाणी गार दिसत होतं म्हणून ती चौथा गिअर देत नव्हती, बस्स. गिअरबॉक्सचा यात गुन्हाच नव्हता, तो बिचारा हुकूम पाळत होता.

पण एकदा तोंड पोळलं होतं. म्हणून या वेळी आधी मोजायचं ठरवलं. सुट्टी संपवून हॉस्टेलला आलो, हीट ट्रान्सफर लॅबच्या रजिस्टरमध्ये सही करून थर्मोकपल आणि मीटर घेतलं आणि पुढच्या शनिवारी पुन्हा अष्टमी. प्रोब इंजिनमधून निघणाऱ्या वरच्या होजच्या धातूच्या तोंडाला टेपने घट्ट बांधला, वायर खिडकीतून आत घेतली. मामा गाडी चालवतायत, मी मीटर बघतोय. धाटाव गेलं, कोलाड नाका आला, वीस मिनिटं झाली: ४८ अंश. नाक्याला गाडी कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवलं. ५५, ६०, ६६. पुन्हा हायवेला लागलो, आणि साठ-पासष्टच्या वेगाला मी वर्गात शंभरदा वाचलेली गोष्ट पहिल्यांदा अनुभवली. आरपीएमचा काटा अलगद खाली उतरला. मामा एकदम गप्प झाले. चार-पाच मिनिटांनी मीटर ५३ वर आला, आणि इंजिन पुन्हा ओरडायला लागलं.

थर्मोस्टॅटचं घर उघडलं तर आत काही नव्हतंच! सहा-आठ महिन्यांपूर्वी रेडिएटरचा होज फुटला होता तेव्हा हायवेवरच्या एका मेकॅनिकने तो काढून टाकला होता, आणि मामांना सांगितलंही होतं म्हणे, "आपल्याकडे गरज नसते याची." मामा विसरून गेले. नवा थर्मोस्टॅट गॅस्केटसकट साडेसातशे रुपयांना मिळाला. कूलंट धरून एकूण खर्च अकराशेच्या आत. अकराशे अधिक माझ्या अकलेचे बावीसशे.

हे सगळं मी विंगमध्ये सांगितलं तेव्हा मुलं म्हणाली, बघ, हे मेकॅनिक लोक कसे लुटतात. मला ते पटत नाही. ज्याने थर्मोस्टॅट काढला त्याने जुन्या फियाट-अँबॅसडरच्या काळातलं शहाणपण वापरलं. त्या गाड्या घाटात उकळायच्या आणि थर्मोस्टॅट बंद अडकला की हेड गॅस्केट जायचं, काढून टाकलेला परवडायचा. त्या इंजिनाला तापमान विचारून गिअर देणारा कॉम्प्युटर नव्हता. शहाणपण खरंच होतं, फक्त गाडी बदलली होती. पनवेलच्या वर्कशॉपवर माझा राग जास्त आहे, कारण गाडी न चालवता सत्तर हजारांचा आकडा सांगणं म्हणजे एक्स-रे न काढता ऑपरेशनची तारीख देणं. पण तिथेही आपला हात आहेच. नुसत्या तपासणीचे पाचशे रुपये मागितले तर आपण भांडतो, "काही केलंच नाही तर पैसे कसले?" पार्ट बदलला की पैसे मुकाट्याने देतो. ज्या कामाचे पैसे कोणी देत नाही ते काम कोण करेल?

आणि माझ्या चुकीचं काय? मी तर वर्कशॉपवाल्यापेक्षा शिकलेला. ओव्हरड्राइव्हचं प्रमाण मी दशांशात काढू शकत होतो. पण "गाडी नीट कधी चालते?" हा प्रश्न मला सुचला नाही. मी सहा सेमिस्टर प्रॅक्टिकल केली आणि एकाही प्रॅक्टिकलला बिघडलेलं यंत्र समोर आलं नाही. आपल्या लॅबमध्ये गिअरबॉक्सचं कट-सेक्शन मॉडेल आहे, लाल-निळा रंग दिलेलं, त्याची आकृती काढायची आणि फाइल सबमिट करायची. इंजिन टेस्ट रिगवर रीडिंग येतातच, आली नाहीत तर मागच्या बॅचच्या फाइलमधून येतात. (स्टाफने हे वाक्य वाचलं नाही असं समजावं.) रिग कधी बिघडलीच तर 'नॉट वर्किंग'ची पाटी लागते, कुलूप लागतं. शिकण्यासारखी वेळ नेमकी तेव्हा आलेली असते!

माझी सरांना विनंती अशी. दर सेमिस्टरला एक प्रॅक्टिकल असं ठेवा की लॅब असिस्टंट आदल्या दिवशी एक दोष मुद्दाम करून ठेवतील. एखाद्या सेन्सरची वायर आतून तुटलेली, थर्मोस्टॅट काढलेला, ब्रेक लाइटचा स्विच अडकवलेला. (हा शेवटचा मजेशीर आहे: ब्रेक दाबलाय असं गाडीला वाटत राहिलं की टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक-अप लागत नाही. तेव्हाही लोक म्हणतात चौथा पडत नाही. पण लॉक-अपने फरक दोन-तीनशे आरपीएमचा पडतो, चौथ्या गिअरने नऊशेचा. नुसता काटा बघून दोन्ही वेगळे ओळखता येतात.) मुलांना पाना शेवटी द्यायचा. आधी वहीत लिहायचं: काय दिसतंय, कधी दिसतंय, कधी दिसत नाही, माझा अंदाज काय, तो चुकीचा असेल तर काय मोजलं म्हणजे कळेल. मार्क या वहीला. चुकलेले अंदाज खोडायचे नाहीत. खोडले तर मार्क कापा. माझ्या वहीत पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात 'सोलेनॉइड' आलं असतं आणि चारचौघांत हसं झालं असतं, पण बावीसशे वाचले असते.

यावर एक आक्षेप मला ठाऊक आहे: सिलॅबस आधीच पुरा होत नाही. मान्य. पण कट-सेक्शनच्या तीन आकृत्यांऐवजी दोन काढल्या तर एक दुपार निघते. दुसरा आक्षेप, मुलं उपकरणं मोडतील. मोडतील थोडी. मग ती कशी दुरुस्त करायची ते पुढचं प्रॅक्टिकल. आणि चाचांसारख्या माणसांना वर्षातून एकदा तरी लॅबमध्ये बोलवायला काय हरकत आहे? इंडस्ट्री एक्स्पर्ट म्हणून आपण ज्यांना बोलावतो त्यांच्या स्लाइड्स फार सुंदर असतात. मी चाचांना विचारलंय, ते म्हणाले, "जिने नसतील तर येतो." आपली लॅब तळमजल्यावर आहे.

दिवाळीच्या सुट्टीत गेलो तेव्हा मामांनी मला पेणपर्यंत नेलं, गाडी स्वतः चालवत. वडखळच्या पुढे मोकळा रस्ता लागल्यावर त्यांनी मला काटा दाखवला, एकवीसशे. मग ओ/डीचं बटण दाबून दिवा लावला, इंजिन ओरडलं, पुन्हा दाबून विझवला. असं चार वेळा केलं. मामी मागून म्हणाली, "अहो, बघितलं त्याने, पुरे आता."

थर्मोकपल मी पाच दिवस उशिरा परत केलं म्हणून लॅबमध्ये पन्नास रुपये दंड भरला, पावती जपून ठेवलीय. आणि तो कुर्ल्याचा सोलेनॉइड अजून माझ्या कपाटात आहे. तेरा ओहम, उत्तम वाजतो. कोणाला हवा असेल तर पहिल्या मजल्यावर येऊन विचारा, निम्म्या किमतीत देईन. मात्र आधी तुमचा मोजून या.